मशीदपासून बफरपर्यंत : सीएसएमटीविषयी वाचकांचे प्रश्न

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या पुनर्विकासाचं काम निघाल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच आहे : एवढा पैसा ओतताय, मग गाड्या वेळेवर कधी? म्हणून या वेळी यार्डाचे प्रश्न आधी घेतले आहेत, इमारतीचे नंतर.

फलाट अठरा आहेत, तरी आमची फास्ट लोकल मशीद सोडलं की दोन-चार मिनिटं उभीच. पुढे फलाट रिकामा दिसत असतो. आत घ्यायला काय होतं? (डोंबिवली)

फलाट रिकामा असला तरी तिथवरची वाट रिकामी नसते, हे त्याचं थोडक्यात उत्तर. आता सविस्तर.

१८ फलाटांपैकी १ आणि २ हार्बरचे, ३ ते ७ मेन लाइनच्या लोकलचे आणि ८ ते १८ मेल-एक्स्प्रेसचे. पण मेन लाइनचे मार्ग चारच : अप आणि डाउन स्लो, अप आणि डाउन फास्ट. पाचवी-सहावी लाइन कल्याणकडून येते ती कुर्ल्यापर्यंत. तिथून सीएसएमटीपर्यंतच्या साधारण १५ किलोमीटरमध्ये मेल गाड्यांनाही लोकलच्या फास्ट रुळांवरूनच यावं लागतं. चार रुळांचे सोळा फाटे जिथे फुटतात ते यार्डाचं तोंड. तुमची गाडी थांबते ती या तोंडाशी.

या तोंडात सांधे, म्हणजे पॉईंट, एकाला एक लागून आहेत. येणारी गाडी अप लाइनवरून आपल्या फलाटाकडे वळते. जाणारी गाडी शेजारच्या फलाटावरून डाउन लाइन गाठते. दोघींच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर एकीने थांबायचं, दुसरा इलाज नाही.

किती थांबायचं त्याचाही हिशेब मांडता येतो. बारा डब्यांची लोकल सुमारे २६० मीटर लांब. सांध्यांचा पट्टा ४०० मीटरचा धरला तर गाडीचं शेवटचं चाक बाहेर पडेपर्यंत तिने ६६० मीटर जायला हवं. एकास साडेआठचा सांधा (साडेआठ मीटर पुढे जाताना एक मीटर बाजूला सरकणारा) असेल तर वळणावर ताशी १५ किलोमीटरची मर्यादा असते, म्हणजे दोन मिनिटं चाळीस सेकंद गेले. एकास बाराचा सांधा बसवला तर ताशी ३० मिळतात आणि तेच अंतर एक मिनिट वीस सेकंदांत सरतं. मागून दर तीन-चार मिनिटांनी एक लोकल येत असते, त्यामुळे हे ऐंशी सेकंद म्हणजे जवळपास अर्धी गाडी. पण एकास बाराचा सांधा लांब असतो, त्याला जागा जास्त लागते आणि इथे जागेचीच मारामार आहे. पश्चिमेला इमारती, पूर्वेला पी. डिमेलो रोड, डोक्यावर पूल.

त्यात हे स्टेशन आंधळं, म्हणजे पुढे बफर (रुळाच्या टोकाचा, गाडी अडवणारा अडसर) आणि भिंत. लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असल्याने ती आली तशी मागे फिरते. इंजिनाच्या मेलचं तसं नाही. तिचं इंजिन बफर आणि डबे यांच्यामध्ये अडकतं. दुसरं इंजिन मागून येऊन रेक, म्हणजे डब्यांची अख्खी माळ, ओढून नेईपर्यंत ते सुटत नाही. रेक धुलाईला आणि तपासणीला वाडीबंदरला जातो, सुटायच्या वेळी रिकामा परत येतो. म्हणजे वेळापत्रकात एक येणं आणि एक जाणं दिसतं, पण यार्डात चार-पाच हालचाली होतात. वंदे भारतला दोन्ही टोकांना केबिन आहे, राजधानी दोन इंजिनांनी पुढून-मागून चालते. दोन्हींचा फायदा घाटात होतो तसा इथेही होतो. इंजिन सोडवण्याची एक हालचाल वाचते.

म्हणून नुसते फलाट वाढवले तर फारसं हाती लागणार नाही. खरा उतारा म्हणजे कुर्ला ते सीएसएमटी पाचवी-सहावी लाइन. तिचा पहिला टप्पा परळ-कुर्ला आणि दुसरा परळ-सीएसएमटी असा ठरलेला आहे. दुसरा टप्पा होत नाही तोवर मेल आणि फास्ट लोकल एकाच दारातून ये-जा करणार.

मग हार्बरला फक्त दोन फलाट कसे पुरतात? (वाशी)

कसेबसे. लोकल फलाटात शिरते, माणसं उतरतात-चढतात, मोटरमन आणि ट्रेन मॅनेजर (गार्ड) टोकं बदलतात. यात साडेसहा मिनिटं जातात असं धरा. ती बाहेर पडून दुसरी आत येईपर्यंत आणखी दीड. एक फलाट आठ मिनिटं अडकला, म्हणजे तासाला साडेसात गाड्या. दोन फलाटांच्या पंधरा, म्हणजे चार मिनिटांना एक. हा झाला कागदावरचा कमाल आकडा, त्यात एकही गाडी उशिरा येत नाही असं गृहीत धरलंय. प्रत्यक्षात पनवेलची गाडी सहा मिनिटं रखडली की पुढच्या तीन गाड्यांचा बोऱ्या वाजतो.

जास्त गाड्या सोडता येत नाहीत म्हणून डबे वाढवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये हे दोन फलाट लांबवले आणि त्या वर्षी हार्बरवर नऊच्या जागी बारा डब्यांच्या लोकल आल्या. हार्बर सँडहर्स्ट रोडलाच संपवून १ आणि २ नंबर मेन लाइनला द्यायचे, असाही प्रस्ताव चर्चेत होता. त्यात मेन लाइनचा फायदा उघड आहे, पण वाशीच्या माणसाने फोर्टला पोहोचायचं कसं, याचं उत्तर आधी हवं.

जून २०२४ मध्ये १० आणि ११ नंबरचे फलाट वाढवायला ३६ तासांचा ब्लॉक घेतला. थोडं काँक्रीट ओतायला दीड दिवस? (नाशिक)

काँक्रीट ब्लॉकमध्ये ओततच नाहीत. ते आधीच्या महिन्यांत जमेल तितकं उरकलेलं असतं. ब्लॉक लागतो तो फलाटाच्या वाटेत आलेली रेल्वे बाजूला सारायला.

हे दोन फलाट आधी २९८ मीटरचे होते, म्हणजे जेमतेम बारा-तेरा डब्यांपुरते. २४ एलएचबी (नव्या पद्धतीचे, जरा लांब) डबे घ्यायचे तर डब्यामागे २४ मीटरप्रमाणे ५७६ मीटर, त्यात इंजिनाचे वीस, शिवाय पुढे बफरपासून आणि मागे सिग्नलपासून सोडायची जागा. म्हणून ते ३८२ मीटरनी वाढवून ६८० केले. वाढीव ३८२ मीटर आले कुठून? यार्डातून. तिथे आधी सांधे होते, सिग्नलचे खांब होते, ओव्हरहेड वायरचे मास्ट होते. ते सगळं मशीदच्या दिशेने सरकवल्याशिवाय फलाटाला जागा होत नाही.

कामाचा क्रम साधारण असा असतो. आधी ट्रॅफिक ब्लॉक, म्हणजे त्या रुळावर गाडी येणार नाही याची हमी. मग पॉवर ब्लॉक : वायरमधला प्रवाह बंद करून, अर्थिंगचे दांडे लावून, लेखी परवानगी हातात पडल्यावरच माणसं वर चढतात. त्यानंतर जुने सांधे कापून क्रेनने उचलायचे, खडी काढायची, आधीच जुळवून ठेवलेले नवे सांधे अख्खेच्या अख्खे आणून बसवायचे. रूळ सरकवायचे, खडी भरायची, खडी दाबून बसवणारं टॅम्पिंग मशीन फिरवायचं, वायर नव्या रुळाच्या मध्यावर ओढून घ्यायची.

आणि यानंतर सुरू होतं सगळ्यात वेळखाऊ काम, सिग्नलची तपासणी. सांधे हलले की इंटरलॉकिंग बदलतं. इंटरलॉकिंग म्हणजे दोन गाड्यांना एकमेकींच्या वाटेत सिग्नल मिळूच नये अशी बांधून घातलेली व्यवस्था. ती सोडवून नवी जोडेपर्यंतच्या काळाला नॉन-इंटरलॉकिंग म्हणतात. तेव्हा सांधे क्लॅम्प लावून, कुलूप घालून ठेवतात आणि गाड्या हातातल्या झेंड्यांवर नि कागदावर चालतात. नवी जोडणी झाली की प्रत्येक मार्ग एकेक करून तपासायचा. हा सिग्नल हिरवा असताना तो लालच राहतो ना? या रुळावर चाक असताना सांधा हलत तर नाही ना? यात घाई करून चालत नाही.

एक चाचणी जवळून बघण्यासारखी आहे. सांध्याची हलणारी पट्टी आणि स्थिर रूळ यांच्या फटीत ५ मिलीमीटर जाडीचा लोखंडी तुकडा धरतात आणि मोटर चालवतात. सांध्याने ‘मी बसलो’ असं सांगायला नको, सिग्नल सुटायला नको. सुटला तर सांधा नापास, पुन्हा जुळवा. पाच मिलीमीटर म्हणजे बोटाच्या अर्ध्या जाडीहून कमी. आता लोकलच्या दारातून फेकलेली पाण्याची बाटली चेपून त्या फटीत बसली तर काय होईल? नेमकं तेच. सांधा बसत नाही, सिग्नल लाल राहतो आणि फलाटावर ‘तांत्रिक बिघाड’ अशी घोषणा होते. पावसाळ्यात बाटलीच्या जागी खडी किंवा वाहून आलेला कचरा असतो. पॉईंट फेल झाला म्हणून रेल्वेला शिव्या घालताना त्यातल्या काही आपल्याकडेही वळवायला हरकत नाही.

सोमवारी गाड्या रांगतात तेही यामुळेच. नवी भरलेली खडी चाकांखाली बसते, मग पुन्हा टॅम्पिंग होतं आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात. ब्लॉक संपला म्हणजे काम संपलं असं नसतं.

गाडीच्या टपाजवळून वायरचा चरचर आवाज येतो. आधी असा येत नव्हता. करंट वाढवलाय का? (कर्जत)

करंट घटवलाय, दाब वाढवलाय. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी इथून कुर्ल्यापर्यंत हार्बरवर देशातली पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. मुंबईत ती पद्धत नव्वद वर्षं टिकली. २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बरचा उरलेला भाग बदलला आणि सगळी उपनगरी रेल्वे २५,००० व्होल्ट एसीवर आली.

समजा, एका लोकलला वेग घेताना ३ मेगावॉट लागतात. १५०० व्होल्टवर त्यासाठी २००० अँपिअर ओढावे लागतात, २५,००० वर जेमतेम १२०. प्रवाह कमी म्हणजे वायर हलकी, तोटा कमी, सबस्टेशनं दूर-दूर असली तरी चालतं. पण या दाबाला हवेतलं अंतर जास्त लागतं. जुने पूल त्यासाठी बुटके होते. कुठे खाली रूळ खोल घ्यावा लागला, कुठे पूलच पाडावा लागला. हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये गेला. १८६८ चा कर्नाक पूल धोकादायक ठरला होता, तो नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांच्या ब्लॉकमध्ये उतरवला. त्याच्या जागचा सिंदूर पूल जुलै २०२५ मध्ये खुला झाला.

चरचर होते ती दमट हवेत इन्सुलेटरवर साचलेल्या धुळीतून आणि पेंटोग्राफ (गाडीच्या टपावरून वायरला टेकणारा सांगाडा) वायरवरून क्षणभर उचलला गेला की. आवाज निरुपद्रवी आहे, वायर नाही. २५,००० व्होल्टला स्पर्श लागत नाही, जवळ गेलं तरी ठिणगी झेप घेते. दोन मीटरच्या आत काहीही नेऊ नका : उघडी छत्री, सेल्फी स्टिक, ॲल्युमिनियमचा पडद्याचा दांडा, चंदेरी फुगा. पादचारी पुलावरून खाली थुंकणं किंवा पाणी ओतणं हाही त्यातलाच प्रकार.

इमारतीचे काळे पडलेले दगड प्रेशर पंपाने धुऊन सिमेंटने सांधे भरले तर महिन्यात चकाचक होईल. एवढा वेळ का लावतात? (पुणे, वास्तुकलेचा विद्यार्थी)

महिन्यात चकाचक होईल, आणि दहा-पंधरा वर्षांत कोरीव काम गळायला लागेल.

इथे एक दगड नाही. भिंती पिवळसर मालाड दगडाच्या, बारीक कोरीव काम पोरबंदरच्या चुनखडी दगडात, आतल्या सजावटीला इटालियन संगमरवर. मोर, माकडं, पानंफुलं घडवण्यात मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचे हात होते. चुनखडीवरचं काळं म्हणजे नुसती धूळ नव्हे. हवेतल्या गंधकाच्या धुराने दगडाचा वरचा थर जिप्सम होतो आणि काजळी त्यात अडकून बसते. जोराचा फवारा मारला की हा थर उडतो, त्याबरोबर पानाची शीर नि मोराचा डोळाही जातो. आम्लाने तर चुनखडी विरघळतेच.

रीत अशी. आधी आडोशाच्या कोपऱ्यात फूटभर चौकोनात चाचणी. मग पाण्याचं बारीक तुषार, मऊ नायलॉनचा ब्रश, तारेचा अजिबात नाही. जिथे निघत नाही तिथे ओल्या कागदाच्या लगद्याचा लेप लावून वर प्लॅस्टिक, आणि लेप सुकत आला की हलक्या हाताने काढायचा. लगदा मळ ओढून घेतो. गरज असेल तर पुन्हा लेप. दगड नव्यासारखा करायचाच नाही, काजळी निघाली की थांबायचं. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं तो खरा कारागीर.

सिमेंटचं पाप वेगळं. भिंतीतला ओलावा बाहेर पडतो तो सांध्यातून. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, झीज तो सोसतो. सिमेंटचा सांधा दगडापेक्षा कडक. मग ओलावा दगडातून वाट काढतो, त्यातले क्षार पृष्ठभागाखाली साचून फुगतात आणि दगडाच्या कडा खपल्यांनी सुटतात. सांधा तसाच शाबूत, भोवतीचा दगड खाल्लेला, अशी भिंत दिसली की तिथे कधीतरी सिमेंट भरलंय असं बेलाशक समजा. म्हणून जुना सांधा हातछिन्नीने, रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत मोकळा करतात. ग्राइंडर लावला तर दगडाची कड कापली जाते. मुरवलेला चुना एक भाग आणि वाळू अडीच ते तीन भाग, गरजेप्रमाणे सुरखी, म्हणजे विटांचा चुरा. भरल्यावर गोणपाट टाकून आठवडाभर ओलं ठेवायचं. मुंबईच्या पावसाळ्यात हे काम होत नाही, म्हणजे वर्षातले चार महिने गेलेच.

पिंपळाचं रोप दिसलं की वरून कापू नका, मूळ आत जाड होत राहतं. मूळ मारून, ते सुकल्यावर काढून, मगच फट भरतात. दगडांना जोडणाऱ्या जुन्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगतात आणि दगड आतून फोडतात, त्या बदलताना स्टेनलेस स्टीलच्या घालतात. रोषणाईच्या दिव्यांचे स्क्रूसुद्धा सांध्यात मारायचे, दगडात नाही. सांधा पुन्हा भरता येतो, दगडातलं भोक कायमचं.

२,४५० कोटींच्या कामात जुनी इमारत पाडणार का? (ठाणे)

नाही. ती पहिल्या दर्जाची वारसा इमारत आहे आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. २.८५ हेक्टर गाभा, भोवती ९०.२१ हेक्टरचा संरक्षक पट्टा. त्या पट्ट्यातल्या नव्या बांधकामाची उंचीही वाऱ्यावर सोडलेली नाही. आधी खासगी भागीदारीतून पुनर्विकासाचा बेत होता, तो बारगळला. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली आणि अहमदाबादसह या स्टेशनाला मंजुरी दिली, ठेका थेट बांधकामाचा निघाला.

आमची शंका वेगळी आहे. आंधळ्या स्टेशनाची एक सोय असते : बफरच्या टोकाला सगळे फलाट एकाच पातळीवर मिळतात. १ नंबरवरून १८ नंबरला बॅग ओढत जा, एक पायरी चढावी लागत नाही. रुळांवर डेक, म्हणजे छतासारखा मजला, टाकून प्रतीक्षालय वर नेलं की ती पातळी मोडते. लिफ्ट आणि सरकते जिने गर्दीला पुरतील इतके आणि चालू स्थितीत राहिले तरच तो सौदा फायद्याचा.

आईवडील सत्तरीच्या पुढचे. सोलापूरची गाडी पकडायची आहे. कुठे उतरावं? (चेंबूर)

ईस्टर्न फ्रीवेने येत असाल तर पी. डिमेलो रोडच्या बाजूने, १८ नंबरकडे उतरा. समोरच्या नगर चौकात उतरलात तर १ नंबरपासून सगळे फलाट ओलांडत यावं लागेल. तिकिटावरचा डबा आणि त्याची जागा आधी बघून ठेवा. सुटणाऱ्या गाडीचं इंजिन मशीदच्या टोकाला असतं. म्हणजे इंजिनापासून पहिला डबा फाटकापासून सगळ्यात लांब, २४ डब्यांच्या गाडीत पाचशे मीटरच्या पुढे. सामान घेऊन वयस्क माणसाला त्याला दहा-बारा मिनिटं लागतात. व्हीलचेअर हवी असेल तर १३९ वर किंवा स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात आधी सांगा आणि पाऊण तास हाताशी ठेवा. हमालाशी भाव डबा क्रमांक सांगून ठरवा, ‘आठ नंबर फलाट’ एवढंच सांगून नव्हे.

फलाटाची उंची वाढवून सुमारे ९०० मिलीमीटर केली आहे ती लोकलच्या दारासाठी. मेलच्या डब्यात पायऱ्या चढाव्याच लागतात, तिथे हात द्यायला कुणी असू द्या.

पहिली गाडी याच इमारतीतून सुटली ना? (रत्नागिरी, शाळकरी वाचक)

नाही. १६ एप्रिल १८५३ ची ठाण्याची गाडी बोरीबंदरच्या तेव्हाच्या साध्या स्टेशनातून सुटली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं.

घुमटावरची बाई म्हणजे राणी व्हिक्टोरिया का? (मडगाव)

ती ‘प्रगती’. उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. राणीचा पुतळा घड्याळाखालच्या कोनाड्यात होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला. कोनाडा रिकामाच आहे, रस्त्यावरून मान वर केली की दिसतो.

ऑनलाइन तिकिटावर एलटीटी लिहून आलं. ते सीएसएमटीच का? (दुबई)

नव्हे. एलटीटी म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनस, कुर्ल्याजवळ. सीएसएमटीवरून तिथे जायचं तर लोकलने कुर्ला आणि पुढे रिक्षा. मुंबई सेंट्रल तिसरंच, ते पश्चिम रेल्वेवर, कोड एमएमसीटी. विमानतळावरून टॅक्सी ठरवण्याआधी तिकिटावरचा कोड वाचा.